तीन मिनिटांचं भाषण

देणगीसाठीच्या वार्षिक कार्यक्रमाला आठवडा व्हायच्या आत प्रत्येक पाहुण्याला आभाराचा फोन गेलाच पाहिजे, असा संस्थेचा दंडक होता आणि ते काम दरवर्षी पत्रवालीच्या गळ्यात पडायचं. संस्थेची पत्रं, पत्रकं, भाषणं सगळं तीच लिहायची, म्हणून हे नाव. ज्यांचे आजार आता बरे होणार नाहीत अशा लोकांना शेवटचे दिवस काढायला हे घर होतं. वर अठरा खाटा, खाली कार्यालय. फोनवर बोलताना वरच्या खोकल्याचा आवाज पलीकडे जाऊ नये, म्हणून ती खिडकीकडे तोंड करून बसायची.

यंदाचा कार्यक्रम वरच्या एका खाटेवरच्या, कधीकाळी शिवणकाम करणाऱ्या शिंपीकाकांनी गाजवला होता. त्यांना चाकांच्या खुर्चीतून मंचावर नेलं, आणि तीन मिनिटांत त्यांनी सगळं सभागृह हलवून सोडलं. "मला कुणी नाही," ते म्हणाले होते. "या घराशिवाय माझा हात धरायला कुणी नाही." जेवणाच्या टेबलांवर ठेवलेली देणगीची कार्डं लोकांनी त्यानंतर भराभर भरून दिली.

पाचव्या दिवशी पत्रवालीच्या हाती एक कार्ड आलं. त्यावर नाव नाही, आकडा नाही, फक्त फोन नंबर. हिशेबनीस म्हणाला, "फेकून द्या, कुणीतरी चाळा केलाय." पण यादी म्हणजे यादी. तिने नंबर फिरवला.

"नमस्कार, त्या दिवशी तुम्ही आमच्या कार्यक्रमाला आलात, त्याबद्दल..."

"ते आहेत का अजून?" एका बाईचा आवाज होता.

"कोण?"

"शिंपी."

"आहेत. तब्येत जरा उतरलीय. तुम्ही ओळखता त्यांना?"

"मी त्यांची मुलगी," बाई म्हणाली. "आमच्या ऑफिसने देणगी देऊन जेवणाचं एक टेबल घेतलं होतं. एक खुर्ची रिकामी राहत होती म्हणून मला नेलं. कुणी नाही म्हणाले ना ते? टेबलावरचे सगळे रडत होते. शेजारणीने मला पण रुमाल दिला."

पत्रवालीने हातातलं कार्ड खाली ठेवलं. ते वाक्य काकांचं नव्हतंच. तिचं होतं.

महिन्यापूर्वी ती काकांच्या खाटेशी बसून त्यांची हकीकत टिपून घेत होती, तेव्हा ते निराळंच बोलले होते. "मुलगी आहे मला. तिची आई अंथरुणाला खिळली तेव्हा मी पळून गेलो. मला ते बघवेना. अकरा वर्षांच्या पोरीच्या अंगावर सगळं टाकून गेलो. आता कुठल्या तोंडाने तिला बोलावू? पण तुम्ही हे सांगा लोकांना. कुणाकडून तरी तिच्या कानावर जाईल."

संस्थेच्या मॅडमनी कागद वाचला आणि मान हलवली. "मुलीचं काढ. लोक म्हणतील, मुलगी आहे तर ती का बघत नाही? आणि सात मिनिटांचं आहे हे. तीन मिनिटांत बसव." पत्रवालीने कात्री चालवली. नवं भाषण वाचून दाखवलं तेव्हा काकांनी विचारलं, "मुलीचं राहिलं का?"

"वेळ कमी आहे, काका."

"बरं. कापड तुमचं, माप तुमचं," ते हसून म्हणाले, आणि त्यांनी ते भाषण पाठ केलं. राहायला खाट देणाऱ्या माणसांना नाही कसं म्हणणार?

हे सगळं पत्रवालीने फोनवर सांगून टाकलं, काही न लपवता. पलीकडच्या बाईने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "छान सांगता तुम्ही. हेही लिहून काढलंय का?"

"नाही हो. खरं सांगतेय."

"पहिला कागद आहे का?"

कागद नव्हता. नवं लिहिताना तिने जुनं फाडून टाकलं होतं. "नाही," ती म्हणाली.

"मग राहू दे," बाई म्हणाली आणि फोन ठेवला.

पत्रवाली धावत वर गेली. कालपासून काकांची वाचा गेली होती. तिने त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं, "काका, तुमच्या मुलीशी बोलले मी फोनवर." त्यांचे डोळे अर्धे उघडे होते, तसेच राहिले. त्यांना ऐकू गेलं की नाही, हे सिस्टरनाही सांगता आलं नाही.

मॅडमना सांगितलं तेव्हा त्या चष्मा काढून बसल्या. "आपण अगदीच खोटं नाही बोललो. इतके महिने कुणी फिरकलं नाही इथे."

"कुणाला कळवलंच कधी आपण?" पत्रवाली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी आली. पस्तिशीची, खांद्याला ऑफिसची बॅग. खाटेपासून हातभर अंतरावर खुर्ची ओढून बसली. तिने त्यांना हाक मारली नाही, हातही लावला नाही. बऱ्याच वेळाने सिस्टरना विचारलं, "कूस कधी बदलली?"

"सकाळी."

"दर दोन तासांनी बदलायला हवी. पाठ सडते नाहीतर." ती उठली. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली घालून तिने बापाला एका दमात कुशीवर वळवलं, पाठीशी उशी लावली, गुडघ्यांच्या मध्ये चादरीची घडी सरकवली. सिस्टर बघतच राहिल्या. हे शिकलेलं नव्हतं, हाडात मुरलेलं होतं. मग हात धुऊन ती जिना उतरली.

पत्रवाली दारात उभी होती. "काल सांगितलं ते खरं आहे," ती म्हणाली. "शपथेवर सांगते."

"असेलही. पण तुमचं कामच आहे ना ते, ऐकणाऱ्याला पाझर फुटेल असं बोलायचं." मुलीच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "चोवीस वर्षांत त्यांच्या तोंडून मी एकच गोष्ट ऐकली. तीही तुमची होती म्हणता. मग त्यांचं म्हणून मी काय घेऊन जाऊ?"

पत्रवाली दारातून बाजूला झाली.

दुसऱ्याच पहाटे काका गेले. मुलगी नवऱ्याला घेऊन आली, सह्या केल्या, पुढचं सगळं नीट पार पाडलं. निघताना एवढंच म्हणाली, "तुमच्या पत्रकात माझं काही येऊ देऊ नका. मुलगी शेवटी आली वगैरे. कुणाला सांगूही नका." पत्रवालीने कबूल केलं.

यादीतले फोन अजून शिल्लक होते. दुपारी ती पुन्हा खिडकीशी बसली. पहिलाच फोन एका निवृत्त मास्तरांना लागला. आभार झाले आणि त्यांनी विचारलं, "ते शिंपी कसे आहेत? बायकोला घरी येऊन सांगितलं मी, बिचाऱ्यांचं कुणीच नाही."

"ते आज पहाटे गेले," पत्रवाली म्हणाली. मग थांबली. मॅडम शेजारच्या टेबलावर पत्रांवर सह्या करत होत्या. "आणि मास्तर, कुणी नाही हे त्यांनी म्हटलं नव्हतं. मी लिहून दिलं होतं. मॅडमनी सांगितलं आणि मी लिहिलं. ते खरं नव्हतं."

मॅडमचा पेन थांबला.

"म्हणजे आम्हाला फसवलंत?" मास्तर म्हणाले.

"हो."

फोन बंद झाला. तिने त्यांच्या नावावर रेघ मारली. मॅडम तिच्याकडे बघत होत्या, पण उठून आल्या नाहीत. तिने पुढचा नंबर फिरवला.