नऊ वार म्हणजे किती मीटर

विजयश्रीला टीव्हीवर जायचं होतं आणि टीव्हीला विजयश्री नको होती. तीन वर्षांत तिनं तीनदा अर्ज केला आणि तिन्ही वेळा नकार आला. प्रकरण तिथंच मिटलं असतं, पण एक दिवस टीव्हीच उठून ती राहायची त्या कुरुळीत आला.

विजयश्री मूळची उदगीरकडची. वय चौतीस. नवरा भीमराज चाकणला पत्र्याचे सुटे भाग दाबून काढणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये आणि ती स्वतः गाड्यांचं वायरिंग बनवणाऱ्या कंपनीत. तिचं काम वायरी मापात कापायचं. दोन मिलिमीटर इकडचे तिकडे झाले की अख्खा लॉट परत येतो, त्यामुळे आठ वर्षांत तिची नजर अशी झाली होती की लग्नात नवरदेवाचा फेटा एका बाजूला झुकलाय हे तिला आधी दिसायचं आणि नवरदेव नंतर. प्रश्नमंजूषेचे कार्यक्रम ती जेवताना बघायची आणि स्पर्धकाच्या आधी उत्तर द्यायची. भीमराजला आता त्याचा त्रास होत नव्हता. तो टीव्हीकडे पाठ करून जेवायचा.

तिनं अर्ज केला होता तो कार्यक्रम म्हणजे ‘सूनबाई सांगा, सासरे थांबा’. नाव ऐकून शहाण्या माणसानं चॅनल बदलावं असाच तो होता, पण अडीचशे भाग झाले होते. सासरा आणि सून जोडीनं खेळायचं. विजयश्रीचे सासरे तिच्या लग्नाआधीच वारलेले. चुलत सासरा चालेल का, असं तिनं विचारून पाहिलं. नाही म्हणाले. मग यंदा त्यांचाच फोन आला. तीन दिवसांचं शूटिंग कुरुळीच्या ‘शालन लॉन्स’वर आहे, तालमीसाठी डमी स्पर्धक हवेत, याल का? कॅमेरे आणि दिवे कुठे लावायचे ते ठरवायला खऱ्या स्पर्धकांच्या जागी कुणीतरी उभं राहावं लागतं. त्यात एकच अट होती. डमीला पुन्हा कधीच स्पर्धक होता येणार नाही. तसंही मला स्पर्धक कोण करतंय, असं म्हणून विजयश्रीनं सही केली आणि तीन दिवस रजा टाकली.

शालन लॉन्स यशवंतरावांचं. गावातलं जुनं घराणं, जमिनीवर आधी कारखाने आले, मग खोल्या आल्या, मग लग्नाचं लॉन आलं. विजयश्री राहायची ती खोलीही त्यांचीच. यशवंतरावांनी टीव्हीवाल्यांना लॉन फुकट दिलं होतं, ते एका बोलीवर : एका भागात यशवंतराव आणि त्यांची सून साधना असलेच पाहिजेत. साधनाला कुणी विचारलं नव्हतं. ती लॉनचं बुकिंग बघायची, मोजकं बोलायची आणि सासऱ्यांच्या बेतांकडे पावसाकडे बघावं तसं बघायची, आला तर आला.

पहिल्या दिवशी विजयश्रीला टीव्ही आतून दिसला. प्रेक्षकांच्या टाळ्या सकाळी सगळ्यात आधी रेकॉर्ड झाल्या, अजून कुणी काही जिंकलंही नव्हतं. मग हशा. मग ‘अरेरे’. गावातल्या बायकांकडून सहा वेळा ‘अरेरे’ म्हणवून घेतलं, तेव्हा एकजण म्हणाली की आमचं दुकान जळालं तेव्हापण आम्ही एवढं म्हणालो नव्हतो. सूत्रसंचालक दिवसात तीन वेळा जाकीट बदलायचा आणि दर वेळी ‘कालच्या भागात आपण पाहिलंत’ म्हणायचा. टेबलावरचं लाल बझर कशालाच जोडलेलं नव्हतं. मागे एक माणूस बसून कुणाचा हात आधी पडला ते बघायचा आणि दिवा लावायचा. त्या माणसाला चष्मा होता आणि तो वारंवार पुसावा लागत होता.

तालमीत विजयश्रीचा सासरा म्हणून युनिटचा एक लाईटवाला उभा केला. तो तिच्याहून सहा वर्षांनी लहान होता. तरी ही जोडी पाचही तालमी जिंकली. प्रश्न लिहायचं काम बुद्धरत्न नावाच्या माणसाकडे होतं. मुंबईहून आलेला, दाढी वाढलेली, डोळ्यांखाली काळं. तालमीत त्यानं विचारलं, मधमाशीला पाय किती. विजयश्री म्हणाली सहा. त्याच्या कागदावर आठ होतं. त्यानं फोनमध्ये बघितलं, मग तिच्याकडे बघितलं, आणि कागदावर दुरुस्ती करून खुर्ची पुढे ओढून तिला बसायला सांगितलं. दिवसभरात तिनं अशा चार चुका काढल्या. बुद्धरत्ननं तिला कबूल केलं की रोज शंभर प्रश्न लिहावे लागतात आणि नव्वदनंतर त्याला स्वतःच्या आईचं नावही खात्रीनं सांगता येत नाही.

त्या संध्याकाळी यशवंतरावांनी तिला ओसरीवर बोलावलं. चहा दिला. भाडेकरूला चहा म्हणजे काहीतरी काम असणार हे तिला कळलं. काम सरळच होतं. उद्या त्यांचा भाग होता आणि आज तालमीत काय काय विचारलं ते त्यांना हवं होतं.

तिनं सांगितलं की तालमीचे प्रश्न वेगळे असतात, खरे प्रश्न बंद पाकिटात येतात, ते डमीला कुणी दाखवत नाही.

“व्हय, व्हय,” यशवंतराव म्हणाले. “जमिनीच्या व्यवहारातबी सगळे असंच म्हणत्यात. तू आपली सांग.”

“आबा, मी खरंच सांगायले. उद्या त्यातला एकबी येणार नाही.”

यशवंतरावांनी डोळा मिचकावला. विजयश्री उठून बुद्धरत्नकडे गेली आणि त्याला विचारलं. तो म्हणाला तालमीचे प्रश्न कचऱ्यात जातात, अख्ख्या चाकणला वाटा. मग तिनं येऊन शेवटच्या तालमीचे पाच प्रश्न सांगून टाकले. भाकरीचं धान्य कोणतं, सहा सत्ते किती, देहू कुठल्या नदीवर, वाटण कशावर वाटतात आणि गुरुवारनंतर कोणता वार. एवढे सोपे प्रश्न ऐकून यशवंतरावांची खात्रीच पटली की सगळं त्यांच्यासाठी ठरवून केलेलं आहे. त्यांनी प्रश्न सोडून दिले आणि उत्तरं तेवढी ओळीनं पाठ केली. साधनालाही पाठ करायला सांगितलं. ती म्हणाली तिला बुकिंगचे फोन आहेत.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाग सुरू झाला. समोरची जोडी पिंपळे गुरवची, रिटायर फिटर उद्धवराव आणि त्यांची सून दिपाली. यशवंतरावांनी नवी टोपी घातली होती. पुढच्या रांगेत त्यांच्या पत्नी शालनबाई नऊवारी नेसून बसल्या होत्या. विजयश्री कॅमेऱ्याच्या मागे, बुद्धरत्नशेजारी उभी होती.

पहिली फेरी फक्त सासऱ्यांची. घरातल्या गोष्टी किती ठाऊक आहेत ते बघायचं. सूत्रसंचालकानं विचारलं की सूनबाईंचं शिक्षण किती झालंय. वाक्य संपायच्या आत यशवंतरावांनी बझरवर हात मारला.

“ज्वारी.”

सूत्रसंचालकाला वाटलं विनोद आहे, तो हसला. त्यानं दुसरा प्रश्न विचारला, तुमचं लग्न झालं तेव्हा तुमचं वय काय होतं. यशवंतराव म्हणाले बेचाळीस. शालनबाईंनी पदर तोंडाला लावला. यशवंतरावांना घाम फुटला होता. डोळ्यांवर दिवे आणि डोक्यात ते पाच शब्द सोडून काही उरलं नव्हतं. एखादं तरी जुळेल या आशेवर ते पुढे रेटत राहिले. सूनबाई रुसल्या की कुठे जाऊन बसतात, तर इंद्रायणी. पत्नीचा आवडता दागिना, तर पाटा-वरवंटा. घरात शेवटचा शब्द कुणाचा, असं विचारल्यावर त्यांनी खाली मान घालून, अगदी हळू, शुक्रवार म्हटलं.

लोक इतके हसले की आदल्या दिवशी रेकॉर्ड केलेला हशा वाया गेला. विजयश्रीला मात्र हसू येईना. म्हाताऱ्याचे कान लाल झालेले तिला दिसत होते.

मध्यंतरात यशवंतराव तिच्याकडे आले. आवाज चढवला नाही. म्हणाले, तू आमचं हसं केलंस, महिनाअखेर खोली रिकामी कर. तिनं आठवण करून दिली की तिनं आधीच सांगितलं होतं. ते म्हणाले, “सांगितलं, पन जोर लावून न्हाई सांगितलं.” आणि गेले.

दुसऱ्या फेरीत बोलायची पाळी साधनाची. सासऱ्यांच्या हाताखालून बझर आपल्याकडे ओढून तिनं एकटीनं सगळी उत्तरं दिली. शून्यावरून ती अशी वर आली की उद्धवरावांच्या सुनेनं पाण्याची बाटली मागवली. शेवटी एकच प्रश्न उरला आणि तो बरोबर आला तर साधना जिंकणार होती.

“नऊवारी साडीची लांबी नऊ मीटर असते. खरं की खोटं?”

साधना लग्नाआधी माहेरी नऊवारी शिवून विकायची. तिनं विचारही केला नाही. “खोटं.”

सूत्रसंचालकानं कार्ड बघितलं आणि चेहरा पाडला. उत्तर चुकलं होतं. दुःखाचं संगीत सुरू झालं. साधनानं एकदा कार्डाकडे बघितलं, मग सासऱ्यांकडे, आणि बझर परत त्यांच्यापुढे सरकवलं. त्या घरात हुज्जत घालायची तिला सवय नव्हती.

विजयश्रीला ठाऊक होतं की आपण बोलायचं नाही. डमीनं बोलायचं नसतं आणि ज्या माणसानं तासाभरापूर्वी खोली सोडायला सांगितली त्याच्यासाठी तर मुळीच नाही. पण चुकलेलं माप डोळ्यांसमोरून पुढे जाऊ देणं तिला आठ वर्षांत कधी जमलं नव्हतं.

“ती बरोबर आहे,” विजयश्री म्हणाली. “वार म्हणजे मीटर नाही. वार एक्क्याण्णव सेंटिमीटर अन् थोडं वर. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरला दोन सेंटिमीटर कमी.”

संगीत थांबलं. दिग्दर्शकानं हेडफोन काढून कोण बोललं ते विचारलं. बुद्धरत्नचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला. हा त्याचा त्या दिवसाचा अठ्ठ्याण्णवावा प्रश्न होता. दिग्दर्शक म्हणाला की कार्डावर आहे तेच उत्तर. तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या बायकांनी सुचवलं की वाद कशाला, बक्षिसाची नऊवारी समोरच काचेच्या पेटीत आहे, मोजा की. दिग्दर्शक नको म्हणत असताना दोघी स्टेजवर चढल्यादेखील. पेटी उघडली. वर चार बोटं जरीचा काठ निघाला, त्याखाली रुमालाएवढं रेशीम आणि त्याखाली थर्माकोल.

दिग्दर्शकानं समजावलं की ही दाखवायची आहे, खरी साडी कुरिअरनं घरी येते. कुणी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतं. उद्धवराव समोरच्या जोडीतले असूनही म्हणाले की मी चाळीस वर्षं फिटर होतो, माप घेतल्याशिवाय मी जिंकलो असं म्हणणार नाही.

मग शालनबाई उठल्या. घर लॉनच्या भिंतीला लागून होतं. त्या गेल्या आणि स्वतःच्या लग्नातलं हिरवं लुगडं घेऊन आल्या. युनिटच्या सुताराकडून टेप घेतला. साधनानं एक टोक धरलं, विजयश्रीनं दुसरं, आणि स्टेजवर लुगडं उलगडत गेलं. विजयश्री गुडघ्यावर बसून माप घेत होती आणि दीडशे माणसं माना उंचावून बघत होती, एवढी उत्सुकता त्या कार्यक्रमाला अडीचशे भागांत कधी लाभली नव्हती.

“आठ मीटर वीस,” ती म्हणाली. “धुऊन जरा आटलंय.”

बुद्धरत्ननं पुढे येऊन चूक आपली असल्याचं सगळ्यांसमोर सांगितलं. साधना जिंकली. यशवंतरावांनी फोटोसाठी तिच्या शेजारी उभं राहून असा चेहरा केला की जणू हे त्यांनीच ठरवलं होतं.

महिना संपत आला तशी विजयश्रीनं भांडी पोत्यात भरायला घेतली. भीमराज शेजारच्या मोई गावात एक खोली बघून आला होता. एका सकाळी यशवंतराव दारात आले आणि पोतं बघून विचारलं की हे काय.

“तुमीच म्हणलात ना, आबा.”

“आमी लई बोलतो,” यशवंतराव म्हणाले. “सगळं ऐकायचं नसतंय.” थोडा वेळ उंबऱ्याशी घुटमळून त्यांनी विचारलं, “खरंच येगळे असत्यात व्हय, तालमीचे प्रश्न?”

ती म्हणाली खरंच. ते मान हलवत गेले. जाताना, एवढ्या मोठ्या कारभारात एवढा चोख व्यवहार कसा काय, असं काहीतरी पुटपुटत होते. तिनं भांडी परत फळीवर मांडली.

भाग टीव्हीवर आला तेव्हा मोजमापाचा सगळा प्रसंग कापलेला होता. साधना खोटं म्हणते आणि लगेच जिंकते. यशवंतरावांची पाच उत्तरं मात्र सगळीच्या सगळी ठेवली होती, मागे भोंग्याच्या आवाजासकट, आणि ‘ज्वारी’ तर तीनदा दाखवली. आठ दिवसांत त्यांना दोन दुकानांच्या उद्घाटनाची बोलावणी आली. ते गेले. एका ठिकाणी लोकांच्या आग्रहावरून ‘शुक्रवार’सुद्धा म्हणून दाखवलं.

विजयश्रीला कोपऱ्यात आपलं कोपरही दिसलं नाही. पण पुढच्या महिन्यात बुद्धरत्नचा फोन आला. प्रश्न टीव्हीवर जाण्याआधी कुणीतरी तपासायला हवेत, मानधन मिळेल, घरबसल्या काम. ती कंपनीच्या बसमध्ये तपासायला लागली. पहिल्या चाळीस प्रश्नांत तिनं नऊ चुका काढल्या आणि दोन प्रश्नांपुढे ‘हे कुणाला विचारू नका’ असं लिहून पाठवलं. कार्यक्रमाच्या शेवटी नावांची पट्टी धावते त्यात तिचं नाव आलं. पट्टी एवढी जोरात धावली की कुणालाच वाचता आली नाही. भीमराजनं मोबाईलवर तो भाग पुन्हा लावला, पाच वेळा थांबवला, तेव्हा सापडलं. त्यानं शेजारपाजारच्यांना बोलावून दाखवलं, पेढे आणले.

नाव ‘विजयाश्री’ असं छापलं होतं. तिनं पेढा खाल्ला, हात पुसले आणि बुद्धरत्नला फोन लावला.