आखाजीला अमृत कुणाकडं जेवणार?

आमच्या गावातल्या लोकांना दुसरं कामच नाही. चैत्राची जत्रा संपली आणि पारावर, पिठाच्या गिरणीत, दूध डेअरीवर एकच विषय सुरू झाला: वच्छलाबाईचा ड्रायव्हर एरंडोलला चालला. बायका हळद मागायला आल्या तरी जाता जाता हेच विचारायच्या. जिभेला हाड नाही एकेकीच्या.

वच्छलाबाई म्हणजे मी. सगळे मला अक्का म्हणतात. ट्रॅक्टर माझ्या नावावर आहे आणि अमृत माझा सालदार, वर्षाच्या बोलीवरचा गडी. पण पारोळ्यापासून एरंडोलपर्यंत त्याला सालदार म्हणून कुणी ओळखत नाही. जत्रेत ट्रॅक्टरची रिव्हर्स शर्यत असते, तिथला तो राजा. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडायची आणि फक्कीनं आखलेल्या दोन रेघांमधून ती उलटी, मागं मागं न्यायची. रेघेला चाक लागलं की बाद. ऐकायला सोपं वाटतं, एकदा बसून बघा म्हणजे कळेल. माझा नवरा तोताराम एकदा हौसेनं बसला होता, त्यानं ट्रॉली थेट उसाच्या रसवंतीत घातली. अमृत मात्र मान मागं वळवून बसायचा आणि ट्रॉली देवघरातल्या पाटासारखी सरळ सरकत जायची. ते बघताना माझा ऊर भरून यायचा. मला कापूस पिकला तरी एवढा आनंद होत नाही.

आता एरंडोलचं. तिथं कन्हैयालालशेठचं खताचं दुकान आहे. पूर्वी आमची टीम एकच होती. ट्रॅक्टर माझा, ट्रॉली शेठची आणि ड्रायव्हर अमृत. मग एका वर्षी पारोळ्याला आमचा पहिला नंबर आला आणि शेठनं चौकात बॅनर लावला. वर फेटा बांधलेल्या शेठचा हा एवढा फोटो, खाली ट्रॅक्टर, आणि माझं नाव कुठं, तर ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाखाली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढच्या शर्यतीच्या मैदानातच मी हुकाची पिन काढली आणि शेठला म्हटलं, तुमची ट्रॉली घ्या आणि बसा तिच्यात फेटा बांधून. अमृत आमच्या दोघांच्या मध्ये उभा होता. त्यानं शेठकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि मुकाट्यानं ट्रॅक्टरवर चढला. तेव्हापासून शेठची टीम वेगळी, आमची वेगळी. आमच्याकडून कुणी एरंडोलला गेलं तर मी दोन दिवस त्याच्याशी धड बोलत नाही.

आणि यंदा जत्रेत अमृतनं रेघ पुसली. तीही सरळ रस्त्यात, वळणावर नाही. समोर कोण जिंकलं, तर शेठचा ट्रॅक्टर. मग काय विचारता, लोकांना आयतंच मिळालं. कुणी म्हणे अमृत मुद्दाम हरला. कुणी म्हणे त्याला शेठच्या दुकानात बसलेला बघितलं, तोही एकदा नाही, बऱ्याचदा. मी वरून म्हणायचे, जाऊ द्या, जातोय तर जातोय. आतून जीव नुसता कुरतडत होता.

आमच्याकडं सालदाराचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, संपतं आणि नवंही त्याच दिवशी लागतं. राहतोस का, असं कुणी विचारत नाही. तशी रीतच नाही. आखाजीच्या दुपारी तो ज्याच्या घरी ताटावर बसेल, त्याचं पुढचं साल. म्हणून मी विचारलं नाही. तोतारामला म्हटलं, तुम्ही आडून आडून विचारा. तो म्हणाला, राग तुझा, तूच विचार. हा माणूस कधी कामाला येत नाही. अमृतही माझ्याशी बोलेना. सकाळी यायचा, ट्रॅक्टर पुसायचा आणि खाली बघूनच निघून जायचा. मला वाटायचं, चोराच्या मनात चांदणं.

आखाजीच्या आदल्या दिवशी मी पुरण शिजवत होते आणि दारात मोटरसायकल थांबली. बघते तर कन्हैयालालशेठ. एवढ्या वर्षांनी माझ्या दारात. मी पाणीही विचारलं नाही. म्हटलं, न्यायला आलात का, तर उद्यापर्यंत थांबा, रीत आहे ती. शेठ ओट्याच्या कडेला टेकला आणि म्हणाला, भांडायचं ते मागाहून भांडा, आधी ऐका.

त्यानं सांगितलं ते असं. अमृत माझंच खत आणायला त्याच्या दुकानात गेला होता. एरंडोलला जातोय, हे त्यानं मला सांगितलं नव्हतं, कारण ते खत पारोळ्यात मिळत नव्हतं आणि मी चिडले असते. तिथं गोणी उचलताना त्याच्या उजव्या हातातून ती निसटली. बोटांत जोरच नव्हता. शेठनं त्याला डॉक्टरकडं नेलं, मानेचे फोटो काढले. मानेतली शीर दबली होती. वर्षानुवर्षं मान मागं वळवून ट्रॉली बघितल्याचं ते फळ. डॉक्टर म्हणाले, ट्रॅक्टर बंद, ओझं बंद, नाहीतर हात कायमचा जाईल.

"मी त्याला शर्यतीसाठी मागत नाही, अक्का," शेठ म्हणाला. "दुकानात खुर्चीवर बसून गिऱ्हाईक बघायचं काम देतोय. तो नाही म्हणतो. म्हणतो, अक्काला काय वाटेल."

मी शेठला म्हटलं, तुमच्यावर माझा विश्वास नाही, बॅनरवाले तुम्ही. तो मोटरसायकल वळवून निघून गेला. खरंच विश्वास नव्हता असंही नाही. पण पुरण खाली लागलं होतं आणि मला कुणावर तरी ओरडायचं होतं.

दुसऱ्या दिवशी खापरावरच्या पुरणपोळ्या झाल्या, आमरस झाला, कुरडया तळल्या. दुपारी अमृत आला. नवीन सदरा घालून आला होता. कुणाकडं न बघता तो पाटावर बसला. ओसरीत शेजारपाजारचे उगीचच जमले होते, अमृत बसतो की नाही ते बघायला. अमृत बसला तसे तोतारामचे डोळे भरून आले. मी ताट वाढलं. मला इतका आनंद झाला होता की सांगायची सोय नाही. जिंकलो आपण, असंच वाटलं.

मग त्यानं आमरसाची वाटी उचलायला उजवा हात पुढं केला. बोटं वाटीभोवती गेली पण मिटली नाहीत. त्यानं हळूच हात मागं घेतला, इकडंतिकडं बघितलं आणि डाव्या हातानं वाटी सरकवली. मी समोरच उभी होते.

तो ताटावर बसला याचा अर्थ तो पुढल्या जत्रेतही ट्रॅक्टरवर चढणार होता. मी नको म्हटलं असतं तरी चढला असता. आणि मी नको म्हटलं असतं का? शेठचा ट्रॅक्टर मैदानात उभा दिसला असता तर मीच म्हटलं असतं, फक्त एकदा, अमृत. मला माझा स्वभाव माहीत आहे.

त्यानं पहिला घास मोडायच्या आत मी वाकले आणि त्याच्यापुढचं ताट उचललं.

भरल्या ताटावरून माणसाला उठवणं म्हणजे काय, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. अमृतचा चेहरा पांढरा पडला.

"अक्का, मनं काय चुकनं?"

"काहीच चुकनं नही," मी म्हटलं. "तुनं ताट शेठनी घर शे. तठे जा."

"ट्रॅक्टर कोण चालाडी?"

"तू नही," मी म्हटलं आणि माझा आवाज फाटला.

तो समजला. उठून माझ्या पाया पडला. वाकताना एका हाताचा आधार घेतला. तोताराम त्याला मोटरसायकलवरून एरंडोलला सोडायला गेला. शेजारणी तोंडाला पदर लावून घरोघर पांगल्या. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की वच्छलाबाई इतकी वाईट, सणाच्या दिवशी सालदाराला ताटावरून उठवून हाकललं. मी कुणाला काही सांगितलं नाही. हात गेलेला ड्रायव्हर म्हणून अमृतकडं गावानं बघावं, त्यापेक्षा मी वाईट झालेली बरी.

ते ताट मी स्वयंपाकघरात नेलं आणि अन्न वाया जायला नको म्हणून त्याच्यापुढं बसले. घास काही उतरेना. तिथंच बसून रडले, पोटभर.