बोहनीला विकलेली वाचा

मित्रांनो, मी एक जुनी तलवार आहे. घाबरू नका. माझ्यानं पिकलेलं केळंसुद्धा धड कापलं जात नाही. मोडक्या खुर्चीच्या सागवानी पट्टीतून मला तासून काढलं आणि पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला चांदीचा रंग माझ्या पात्याला फासला. लांबीला म्हणाल तर वीतभर. पण मला बोलता येतं. हा गुण माझ्या अंगचा नाही, तो माझ्यासाठी विकत घेतलेला आहे, आणि तोही अगदी स्वस्तात. सध्या मी बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात पडून आहे. वर घट्ट झाकण आणि झाकणावर जुन्या चादरींचं गाठोडं. बोलता यावं आणि ऐकायला कोणी नसावं, याच्यासारखी कोंडी दुसरी नाही. म्हणून आज तुम्हाला धरून बसवलं आहे. ऐका.

माझा जन्म नागऱ्याच्या पलीकडच्या एका गावात, पोवारांच्या घरी झाला. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा होऊन तेव्हा सहा-सात वर्षं झाली असतील. घरात रामकली माय, तिचा थोरला मुलगा धनेंद्र, त्याची बायको सोनिका आणि धाकटा मुलगा वीरेंद्र. धनेंद्र नागपूरला नोकरीत चांगला रुळला होता. वडील गेले आणि धानाची शेती बघायला त्याला गावी यावं लागलं. तो घरचा कर्ता झाला, पण मनानं काही गावात उतरला नाही. नागपूरच्या मित्रांकडून शिकलेला एक खेळ मात्र त्यानं सोबत आणला.

खेळ मोठा गमतीचा. एक जण गोष्ट रचतो, बाकीचे त्या गोष्टीतले वीर होतात. समोर राक्षस आला तर लढायचं, पळायचं की गूळ लावायचा, हे ज्यानं त्यानं तोंडानं सांगायचं. मग वीस पैलूंचा फासा टाकायचा आणि जमलं की फसलं ते तो फासा ठरवणार. धानाची रोवणी आटोपली की दुपारी हाताला काम नसे, आणि भारनियमनामुळे टीव्ही मुका. मग ओसरीत चटई अंथरली जायची. धनेंद्र गोष्ट चालवायचा. वीरेंद्र आणि सोनिका वीर व्हायचे. वीरांची हत्यारं हातात धरता यावीत म्हणून वीरेंद्रनं लाकडाच्या छोट्या तलवारी केल्या. त्यांतली मी एक, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत वाकडी.

त्या उन्हाळ्यात वीरेंद्रचं लग्न झालं. योगेश्वरी घरात आली. ती देवरीला वसतिगृहात राहून डीएड करत होती. पहिलं वर्ष झालं होतं, दुसरं बाकी होतं. 'पोरीचं शिक्षण पूर्ण करू,' असा शब्द साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या दिवशी धनेंद्रनं तिच्या वडिलांना दिला होता. कॉलेज सुरू झालं. शब्द मात्र कोणाला आठवेना. योगेश्वरीची पेटी खोलीत दारामागे तशीच उभी होती. पोळ्यापर्यंत हजर झाली नाही तर तिचं नाव कटणार होतं.

तुम्ही म्हणाल, तिनं सरळ जाऊन का विचारलं नाही? मित्रांनो, इथंच तर सगळं अडलं होतं. धनेंद्र तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्याशी बोलायचं नाही, समोर यायचं नाही, आणि यावंच लागलं तर पदर नाकापर्यंत ओढायचा. भासऱ्यानंही तिच्याशी बोलायचं नाही. काही सांगायचं असेल तर भिंतीला सांगायचं, मायला सांगायचं, नाहीतर अंगणातल्या गाईला. घराचं सगळं ज्याच्या हातात त्याच्याशीच हिला बोलायची बंदी.

तिनं नवऱ्याला गळ घातली. वीरेंद्र भला माणूस, पण भावापुढे त्याची मांजर व्हायची. "दादाचा मूड पाहून सांगतो," म्हणायचा, आणि तो मूड काही यायचा नाही. मग तिनं सोनिकाला विनवलं. सोनिका म्हणाली, "सांगन मी. घाई कायची आहे?" आणि गप्प बसली. का बसली, ते मला तेव्हा कळलं नाही. मी तिला मनातल्या मनात पुष्कळ नावं ठेवली.

एक वीर कमी पडत होता म्हणून वीरेंद्रनं बायकोला खेळात घेतलं. ती ओसरीच्या दाराआड, चौकटीला टेकून बसायची आणि नवऱ्याच्या कानात पुटपुटायची. तो ते मोठ्यानं सांगायचा आणि हमखास चुकवायचा. ती म्हणायची, "राक्षसाला पाणी द्या." हा म्हणायचा, "ती राक्षसाले पाण्यात ढकलून राहिली." तिची पदराआडची चडफड फक्त मला दिसायची, कारण मी तिच्या मुठीत होते.

मग गोष्टीत जादूगार लोहाराचं दुकान आलं. हत्यारांना जादूचे गुण चढवून मिळतील, अशी पाटी. धनेंद्र दुकानदार झाला आणि कोणत्या गुणाला काय पडेल ते सांगू लागला. चलन चिंचोक्यांचं. आग ओकणारं पातं सगळ्यांत महाग. फेकलं तर हातात परत येणारं त्याच्या खालोखाल. मग उजेड देणारं, मग कधी बोथट न होणारं. त्याचा हिशेब सरळ होता. ज्या गुणानं जास्त शत्रू मरतात त्याचा भाव जास्त. सगळ्यांत शेवटी त्यानं वाचा ठेवली होती. बोलणारं हत्यार. त्याला स्वतःची अक्कल असते, ते मालकाला न विचारता बोलतं, आणि ज्याला उद्देशून बोलेल त्यानं उत्तर द्यायलाच पाहिजे, असा नियमही त्यानंच सांगितला.

"एवढी स्वस्त काऊन?" वीरेंद्रनं विचारलं.

"बोलून कोणी मरते का बापा? कोण घेते तिले!" धनेंद्र हसला.

वीरेंद्र आणि सोनिका आगीच्या भावावरून हुज्जत घालत होते. तेवढ्यात चौकटीआडून एक हात पुढे आला. त्यानं चटईवर मला ठेवलं आणि माझ्या शेजारी चिंचोके. वाचेला लागतात त्याहूनही कमी. धनेंद्रनं नाही म्हणून मान हलवली. पण वीरेंद्र त्या दिवशी कसा कोण जाणे बोलून गेला, "दादा, बोहनी आहे. पहिलं गिऱ्हाईक परतवते का कोणी?"

आता यांचे वडील आठवडी बाजारात तांदूळ विकायचे. पहिल्या गिऱ्हाइकाला त्यांनी जन्मात कधी रिकाम्या हातानं पाठवलं नव्हतं. धनेंद्रनं चिंचोके उचलले, रिवाजाप्रमाणे कपाळाला लावले आणि म्हणाला, "घ्या. तलवार बोलती झाली."

योगेश्वरीनं मला सरळ उभं धरलं. आणि मी बोलले. स्वच्छ, पुस्तकी, शाळेतल्या बाईंसारखी.

"दुकानदारा, तुझ्या तराजूत पासंग आहे."

रामकली मायच्या हातातलं सूप थांबलं. सोनिकानं तोंडावर हात नेला. सून भासऱ्याशी बोलली, आणि तेही 'अरे-तुरे'त! पण सून कुठे बोलली होती? बोलली होती तलवार. तलवारीला डोकं नसतं, मग पदर कुठून आणायचा? धनेंद्र क्षणभर बावचळला आणि मग खो-खो हसला. "हाय पासंग," म्हणाला, "पण तुले कसं समजलं?" नियमच होता, उत्तर द्यावंच लागलं.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सोन्याचे. मी धनेंद्रशी वाद घालायचे, त्याच्या राक्षसांना कोडी घालायचे, न लढता किल्ले जिंकायचे. आगीची तलवार सोनिकाच्या हातात नुसती पडून राहायची. धनेंद्रलाही मजा येत होती. त्याच्या तोडीचं बोलणारं त्या घरात पहिल्यांदाच कोणीतरी भेटलं होतं. मी तर फुगूनच गेले होते. मला वाटायचं, मीच बोलते.

पोळा जवळ आला. एका दुपारी गोष्टीत धनेंद्र किल्ल्याचा सरदार झाला होता. योगेश्वरीनं मला सरळ उभं धरलं. मी म्हणाले, "सरदारा, एक विचारते. माझी मालकीण देवरीच्या गुरुकुलात अर्धी विद्या शिकून आली आहे. उरलेली अर्धी कधी शिकायची?"

धनेंद्रच्या हातातला फासा तसाच राहिला. त्याला सगळं समजलं. "आज खेळ बस्स," म्हणाला आणि उठला. नियम मोडला त्यानं. मला फार राग आला.

दुसऱ्या दिवशी तो तयारीनिशी आला. "बाजार चढला आहे," त्यानं जाहीर केलं. "वाचेचा भाव लावताना मी चुकलो होतो. आता एका वाक्याले एक प्राण."

प्राण म्हणजे लाखेचे लाल मणी. प्रत्येक वीराकडे थोडे असायचे. ते संपले की वीर मेला, खेळातून बाहेर.

"बोहनीचा माल परत घेत नाई कोणी, दादा," वीरेंद्र कुरकुरला.

"परत कुठं घेऊन राहिलो? वापराचा भाव लावून राहिलो."

मित्रांनो, मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की मी बांधलेली आहे. ज्यानं वाचा दिली तोच तिचा भाव वाढवणार आणि मी परत लाकडाचं लाकूड होणार. वाटलं, संपलं. मग हात पुढे आला. तिनं आपल्या वीराची ढाल विकली. चिलखत विकलं. त्याचे मणी घेतले. आणि एक मणी पुढे सरकवला.

"माझ्या मालकिणीची पेटी दारामागे आहे. तिचं कुलूप तिनं अजून काढलेलं नाही."

दुसरा मणी. "पोळा झाला की तिचं नाव कटेल."

तिसरा. "वीरेंद्रला हे माहीत आहे. सोनिकालाही माहीत आहे." वीरेंद्र खाली बघू लागला. सोनिका चटईची काडी उपटत राहिली.

"पुरे झालं आता," धनेंद्र म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. पण मणी येतच राहिले.

"साक्षगंधाच्या दिवशी शब्द कोणी दिला होता, सरदारा?"

आता एकच मणी उरला होता. तो दिला की वीर मरणार. तिनं तोही सरकवला.

"उत्तर दे."

धनेंद्र उठला. चपला घातल्या आणि धानाच्या बांधीकडे निघून गेला. योगेश्वरीनं मला कोनाड्यात ठेवलं. उरलेला दिवस ती चुलीपुढे बसून होती. रडली नाही. भाकरी मात्र दोन-तीन करपल्या.

संध्याकाळी धनेंद्र जेवायला बसला. अर्धं जेवण झाल्यावर तो समोरच्या भिंतीला म्हणाला, "माय, सकाळी देवरीची गाडी आहे. पेटी जड असन त वीरेंद्र पोहोचवून देईन."

रामकली मायनं स्वयंपाकघराकडे पाहिलं. मी कोनाड्यात वाट पाहत होते. आता मला उचलणार, आता मी आभार मानणार. मी शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते. पण तिनं मला उचललं नाही. आतून आवाज आला, थोडा चिरका, अगदी घरगुती.

"पेटी जड नाही, दादाजी."

तो आवाज माझा नव्हता. तिचा होता. पहाटे ती गेली आणि मी कोनाड्यातच राहिले. मला फार वाईट वाटलं. इतकं बोललो आम्ही दोघी, आणि जाताना माझ्याकडे साधं वळूनही पाहिलं नाही! पुढे खेळ बंद पडला. मायनं फासे, मणी आणि मला या डब्यात भरलं. योगेश्वरी शिकली, गोरेगावकडच्या एका शाळेत शिकवायला लागली. सुट्टीत येते तेव्हा तिचा आणि धनेंद्रचा वाद रंगलेला मला झाकणातून ऐकू येतो. पदर आहे, पण खांद्यावर. मी रुसले होते, तो रुसवा हळूहळू गेला. बोलायला येऊ लागलं की तलवार लागत नाही, हे लाकडाच्या टाळक्यात शिरायला एवढी वर्षं लागली.

माझी गोष्ट इथंच संपली असती. पण परवा डबा उघडला.

दुपार होती. गाठोडं बाजूला झालं, झाकण निघालं, आणि इतक्या वर्षांनी उजेड डोळ्यांत शिरला. मला वाटलं, योगेश्वरी. नाही, सोनिका होती. केस पांढरे झालेले, हाताला राखेचा वास. योगेश्वरी गेल्यापासून त्या घराचं सगळं काम तिच्याच अंगावर पडलं होतं. ते पडणार, हे तिला आधीच माहीत होतं, म्हणून तर ती तेव्हा योगेश्वरीचा निरोप धनेंद्रला न सांगता गप्प बसली होती. तिला नवऱ्याशी बोलायला कोणाची बंदी नव्हती. रोज बोलत होती. भाजी काय, पाणी आलं का, गाईला पाणी पाजलं का. पण तुला काय हवं आहे, हे तिला कोणीच कधी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. मी तर सगळ्या घरासमोर तिला दोषी ठरवलं होतं.

सोनिकानं मला हातात घेतलं आणि सरळ उभं धरलं. समोर धनेंद्रची रिकामी खुर्ची होती. तिनं एक मणी उचलून खुर्चीपुढे ठेवला. ओठ उघडले.

"सोनिका! चहा ठेव वं, माणसं आली," अंगणातून धनेंद्रची हाक आली.

"आली," ती म्हणाली. मणी उचलला, मला आत ठेवलं आणि झाकण लावलं.

मित्रांनो, मी डब्यात आहे आणि ते वाक्य माझ्याजवळ अडकून पडलं आहे. काय होतं, मला माहीत नाही. मला बाहेर काढा, पुसा, रंग द्या, असं मी म्हणत नाही. मी डब्यातच बरी. तुमच्याही घरात अशी कोणीतरी असेल, सगळ्यांच्या हाकेला 'आली' म्हणणारी. चहा घेऊन ती आली की तिला बसवा आणि विचारा, मघाशी तू काय म्हणणार होतीस?