डिझेलच्या टाकीतला उसासा

वारज्याच्या त्या सोसायटीत वार्षिक सभेला माणसं जमत नाहीत म्हणून दर वर्षी सभा तहकूब करावी लागते. पण त्या रविवारी सकाळी पार्किंगमध्ये उभं राहायला जागा नव्हती. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आजीही खुर्ची टाकून पुढच्या रांगेत बसल्या होत्या. सगळ्यांच्या नजरा एका जुन्या पांढऱ्या डिझेल गाडीच्या मागच्या बाजूला खिळल्या होत्या. तिथं टाकीचं झाकण होतं आणि झाकणासमोर डोळे मिटून वाहनेश्वर महाराज उभे होते.

महाराजांच्या अंगात भगवी कफनी होती. गळ्यातल्या रुद्राक्षांच्या माळेत त्यांनी मधोमध एक स्पार्क प्लग ओवला होता. गाडी नुकतीच माई मंगेशकर हॉस्पिटलपर्यंत जाऊन परत आली होती. महाराज त्याला प्रदक्षिणा म्हणत.

"यंत्रात मंत्र, मंत्रात तंत्र," महाराज घुमले. "टाकीत आत्मा, पायपात प्राण. बोल कचरू, तहान लागलीय का तुला?"

त्यांनी झाकण हळूच फिरवलं.

"हाऽऽश्श्श..." गाडीनं लांबलचक उसासा सोडला.

मग कुणीतरी हात जोडले आणि पाठोपाठ सगळ्यांचेच हात जोडले गेले. दुसऱ्या मजल्यावरचा शौनक मोबाइलवर हे सगळं लाइव्ह दाखवत होता. तो दबक्या आवाजात म्हणाला, "गाइज, धिस इज रिअल. गाडीनं रिप्लाय दिलाय."

गाडीचे मालक रंगराव हात मागे बांधून उभे होते. खडकीच्या फॅक्टरीत हिशेब तपासण्यात त्यांचा जन्म गेला होता. कुणी काहीही सांगितलं तरी "कशावरून?" असं विचारायची त्यांची सवय सगळ्या बिल्डिंगला ठाऊक होती. डिझेलच्या इंजिनात स्पार्क प्लग नसतोच, एवढं त्यांनाही माहीत होतं. एरवी ते नक्की म्हणाले असते, "महाराज, हा प्लग शोभेचा का?" पण आज त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, कारण शेजारी त्यांची बायको प्रेमला पदर तोंडाला लावून रडत होती.

गाडी मुळात प्रेमलाच्या थोरल्या भावाची, कचरूदादाची. मागच्या वर्षी तो आजारी पडला तेव्हा त्यानं बहिणीला बोलावणं धाडलं. प्रेमला म्हणाली, रविवारी निवांत येते. दादा शुक्रवारीच गेला. वहिनींनी गाडी प्रेमलाला दिली आणि तेव्हापासून ती गाडीच्या काचा स्वतःच्या हातानं पुसायची, कुणाला पुसू द्यायची नाही.

दसरा झाला आणि गाडीचं बिनसलं. डिझेल भसाभस जायला लागलं. चांदणी चौकाचा चढ आला की दम लागायचा आणि मध्येच ती बंदच पडायची. रंगरावांना गाडीतलं हॉर्न आणि वायपर सोडून फारसं काही कळत नव्हतं. एकदा ती सोसायटीच्या गेटातच बंद पडली. डिझेल संपलं की काय म्हणून त्यांनी टाकीचं झाकण उघडलं, तर आतून उसासा आला आणि मग गाडी मुकाट्यानं सुरू झाली. शेजाऱ्याच्या नव्या गाडीची पूजा करायला आलेले वाहनेश्वर महाराज तेव्हा तिथंच उभे होते. त्यांनी उसासा ऐकला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि प्रेमलाला विचारलं, "माई, ही गाडी वारलेल्या माणसाची का?"

झालं. त्या दिवसापासून कचरूदादा टाकीत राहायला आला.

रविवारच्या विधीत महाराजांनी झाकण काढून प्रेमलाच्या देवघरात ठेवायला लावलं. टाकीच्या तोंडावर लाल कापड बांधलं आणि वर लिंबू अडकवलं. "कापड सुतीच हवं," त्यांनी बजावलं. "प्लास्टिक चालणार नाही. आत्मा गुदमरतो."

आणि खरोखर गाडी सुधारली. चढ चढायला लागली, बंद पडेना. रंगरावांना रात्रभर झोप लागली नाही. उभ्या आयुष्यात त्यांना एवढा वाईट धक्का बसला नव्हता. त्यांच्या गाडीला गुण आला होता आणि तोही महाराजांमुळे.

फक्त एक झालं. वळणावर कापडातून डिझेल झिरपायला लागलं आणि पांढऱ्या पत्र्यावर काळपट ओघळ उतरले. महाराजांना फोन केला. ते म्हणाले, "अश्रू आहेत ते. पुसू नका. येत्या रविवारी टाकीत कलशभर तीर्थ ओतू, म्हणजे त्याची तहान भागेल. मग गाडी आमच्या मठात आणून सोडा. नाहीतर तो माईंना सोबत घेऊन जाईल."

प्रेमलाचं जेवण सुटलं. ती सकाळी खाली जाऊन गाडीजवळ तांब्याभर पाणी ठेवायची आणि स्वतः मात्र घोटभर चहा घेऊन दिवस काढायची. रंगराव रागावले, समजावून थकले. गुरुवारी ते समोरच्या फ्लॅटची बेल वाजवून उभे राहिले. तिथं जरीना शेख राहत. खडकीच्या एका शाळेत त्या विज्ञान शिकवत.

"जरीनाताई, तुम्हाला गाडीतलं काही कळतं का?"

"स्कूटी चालवते, तेवढंच. काय झालं?"

रंगरावांनी सगळं सांगितलं. जरीनाताई ऐकत राहिल्या आणि मध्येच त्यांनी एकच प्रश्न केला. "सुती कापडच हवं, असं ते स्वतःहून म्हणाले?"

"स्वतःहून."

"मग त्यांना आत्म्यातलं कळत नसेल, पण टाकीतलं बरंच कळतं. भाऊ, रविवारपर्यंत टाकीत थेंबभर पाणी जाऊ देऊ नका. डिझेलमध्ये पाणी गेलं तर इंजिनाचा खुर्दा होईल आणि बंद पडलेली गाडी तुम्ही मुकाट्यानं मठात नेऊन द्याल. आणि प्रेमलाताईंना आत्ता काही बोलू नका. त्यांना सांगून पटणार नाही. त्यांना बघू दे."

पुढच्या रविवारी गर्दी दुप्पट झाली. बाजूच्या सोसायटीचे लोक आले होते आणि कुणीतरी गेटबाहेर नारळ विकायला बसलं होतं. महाराज कलश घेऊन पुढे सरसावले, तोच जरीनाताई तेलाचा रिकामा प्लास्टिकचा कॅन आणि गरम पाण्याची किटली घेऊन मध्ये उभ्या राहिल्या.

"महाराज, जरा थांबाल का? आमच्या कॅनमध्येही कुणीतरी आहे असं वाटतंय. तुमच्यासमोरच विचारून घेते."

त्यांनी कॅनमध्ये गरम पाणी घालून खळखळून हलवलं, पाणी ओतून टाकलं, लगेच झाकण घट्ट लावलं आणि कॅनवर नळाचं गार पाणी सोडलं. कॅन कडाकडा वाजत आत ओढला गेला. आजी खुर्चीतल्या खुर्चीत मागे सरकल्या.

"बोल बाबा," जरीनाताई गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, "तू शेंगदाण्याच्या तेलाचा आत्मा आहेस का?"

झाकण फिरवलं. "हाऽऽश्श."

"आणि हे महाराज खरे आहेत का?"

कॅन गप्प. तो आता पुन्हा फुगून नीट उभा राहिला होता. पहिलं हसू आजींना फुटलं आणि मग पार्किंग हसायला लागलं.

"हा गारुड्याचा खेळ आहे," महाराज म्हणाले. "आत्म्याची थट्टा करू नका."

"थट्टा नाही. तुमचाच विधी करू. रंगरावभाऊ, देवघरातलं झाकण आणा आणि टाकीला लावा. आता महाराज, प्रदक्षिणा न करता उघडून दाखवा."

महाराज घुटमळले. "सकाळी आत्मा निद्रिस्त असतो."

"मागच्या रविवारी सकाळी तर जागा होता," रंगराव म्हणाले. बऱ्याच दिवसांनी त्यांचा आवाज त्यांना सापडला होता. त्यांनी स्वतःच झाकण उघडलं. काही आवाज आला नाही. मग झाकण लावून ते शौनकला घेऊन हॉस्पिटलपर्यंत गेले आणि परत आले. जरीनाताईंनी झाकण फिरवलं.

"हाऽऽश्श्श..."

"म्हणजे फेरी मारली तर बोलतो," शौनक पुटपुटला. "बट व्हाय?"

जरीनाताईंनी झाकण उलटं करून प्रेमलाच्या हातात दिलं. "इथं एक बारीक भोक दिसतंय? ते कशानं बुजलंय बघा."

प्रेमलानं साडीची पिन काढून भोकात घातली. लाल, कडक झालेला शेंदराचा खडा बाहेर पडला. "दसऱ्याला मीच लावला होता," ती हळूच म्हणाली. "गाडी तिथून जेवते, म्हणून तिथंही स्वस्तिक काढलं."

"तेलाचा डबा फोडताना तुम्ही किती भोकं पाडता?" जरीनाताईंनी विचारलं.

"दोन. एकाच भोकातून तेल नीट येत नाही. आत हवा जायला दुसरं लागतं." बोलता बोलता प्रेमला थांबली. "म्हणजे हे भोक..."

"तेच. इंजिन डिझेल ओढून घेतं, तसतशी त्याच्या जागी बाहेरची हवा आत जायला हवी. भोक बुजल्यावर हवा जाईना. आत ओढ वाढत गेली, इंजिनाला डिझेल पुरेना. गाडीला दम लागला, म्हणून भाऊ खालच्या गियरमध्ये रेटत राहिले आणि डिझेल जास्त जाळत राहिले. झाकण उघडलं की हवा एकदम आत शिरते, तो उसासा. सुती कापडातून हवा जाते, म्हणून गाडी सुधारली. आणि त्यातूनच डिझेल सांडतं, ते अश्रू."

रंगरावांनी भोक मोकळं केलेलं झाकण लावून आणखी एक फेरी मारली. या वेळी उघडल्यावर गाडीनं अवाक्षरही काढलं नाही. महाराज कलशासह गेटकडे निघाले होते. प्रेमलानं त्यांना हाक मारली. तिचे डोळे कोरडे होते.

"महाराज, माझा दादा गेला. मी वेळेवर पोचले नाही. ते माझं मलाच सोसायचंय. तुम्ही त्याला टाकीत कोंडून मला त्याची तहान दाखवलीत. एवढं खोटं कसं बोलवलं तुम्हाला?"

महाराज कलश सावरत चालू लागले. गर्दीनं त्यांना वाट दिली, पण या वेळी कुणी वाकलं नाही. प्रेमला घरी गेली आणि तिनं वहिनींना फोन लावला. दादाच्या शेवटच्या दिवसांबद्दल तिनं वर्षभरात पहिल्यांदाच विचारलं. दोघी खूप वेळ बोलल्या, रडल्याही. दुपारी ती भात-आमटी पोटभर जेवली.

गाडीचं अजून थोडं बाकी होतं. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये एअर फिल्टर धुळीनं गच्च भरलेला निघाला, टायरमध्ये हवा कमी निघाली. दोन्ही ठीक केल्यावर गाडीचं अ‍ॅव्हरेज पूर्वीसारखं झालं. रंगरावांनी सोसायटीच्या फलकावर खडूनं एक सूचना लिहिली:

'वाहनांची पूजा करावी, भोके बुजवू नयेत. आत्म्यांनी डिझेल पिऊ नये.'

जरीनाताईंनी खडू मागून घेतला आणि खाली लिहिलं, 'चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी दोन प्रश्न विचारा. हा घडण्याच्या अगोदर काय केलं होतं? आणि ते न करता हा पुन्हा घडतो का? लहान-मोठं कुणीही विचारू शकतं. जो विचारू देत नाही, त्याच्या हातात आपलं दुःख देऊ नका.'