अनोळखी कळ

धाकटीच्या अंगात दुखणी कायमची मुक्कामाला होती. मानेतला ठणका सगळ्यात जुना. त्याच्या मागोमाग खांद्यांतली भगभग आली, मग कंबर, मग गुडघे, आणि अधूनमधून डोक्यात असं धुकं, की हातातलाच शिवणाचा खडू टेबलभर शोधत बसायचं. डॉक्टरांनी या सगळ्या गोतावळ्याला एकच भारदस्त नाव दिलं होतं, फायब्रोमायल्जिया. वर म्हणाले होते, रिपोर्ट अगदी स्वच्छ आहेत. रिपोर्ट स्वच्छ, म्हणजे बाईच नाटकी, असा निकाल लावायला लोकांना कितीसा वेळ लागतो! नवरा तसा भला माणूस, पण "आज कुठे?" असं विचारताना त्याचीही नजर टीव्हीवरून हलत नसे.

म्हणून शिवणाच्या दुकानात दोघी जावांनी आपसांत एक ठरवून टाकलं होतं. थोरली मशीनवर, धाकटी कापायला. सकाळी धाकटीने मोठी कात्री उचलली तर दिवस बरा. छोटी उचलली तर वाईट, मग जाड कापड थोरलीने कापायचं. विचारायचं नाही आणि सांगायचंही नाही. थोरलीची जीभ तिखट, पण बाई शब्दाची पक्की. "कसं वाटतंय गं?" हे तिने कधी चुकूनसुद्धा विचारलं नाही, आणि एवढ्यासाठी धाकटी तिला शंभर गुन्हे माफ करायला तयार होती.

त्या दिवशी धाकटीने छोटी कात्री उचलली. थोरलीने मुकाट्याने कोटांचं जाड कापड आपल्याकडे ओढलं.

जेवणानंतर धाकटीच्या जबड्यात कळ उठली. ती डाव्या खांद्यात उतरली, पाठीत शिरली आणि तिथेच ठाण मांडून बसली. धाकटीला आपली सगळी दुखणी पायरवावरून ओळखू यायची. हिची ओळख पटेना. झोप झाली नाही म्हणून असेल, तिने स्वतःला समजावलं. मान अवघडली असेल. मग अंगाला दरदरून घाम फुटला, आणि पंखा तर डोक्यावरच फिरत होता.

तिने शर्टाच्या बाह्या कापल्या. थोरलीने त्या जुळवायला घेतल्या, उलटसुलट करून पाहिल्या आणि काही न बोलता बाजूला ठेवल्या. दोन्ही डाव्या होत्या. एरवी असल्या चुकीवर थोरलीने गिऱ्हाइकासमोर तिची सालटी काढली असती. छोट्या कात्रीच्या दिवशी मात्र चूक माफ, हाही ठरावाचाच भाग होता.

धाकटीला एकदम उमगलं. माझ्यासमोर बसलेल्या या बाईला काहीच कळणार नाहीये. मी इथे मरून पडले, तरी मी विश्रांती घेते आहे असं समजून ही मशीन हळू चालवेल. आणि बोलायचं तरी काय? 'दुखतंय' हा शब्द तिने घरी नवऱ्यापाशी इतका झिजवला होता, की त्यात आता जीव उरला नव्हता. इथे तर तो वापरायचाच नाही असं तिनेच ठरवून घेतलं होतं.

"ताई," ती कशीबशी म्हणाली, "दुखतंय हो."

मशीन थांबलं. थोरलीने मान वर केली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"काय म्हणालीस?"

"हे माझं नेहमीचं नाही. मला भीती वाटतेय."

थोरलीने दुकान उघडंच टाकलं आणि तिला रिक्षात घातलं.

दवाखान्यात तरुण डॉक्टरने विचारलं, "आधीचा काही आजार?" धाकटीने सवयीने ते भारदस्त नाव सांगून टाकलं, आणि त्याचा चेहरा डोळ्यांदेखत सैल पडला. "अच्छा. फार ताण घेताय का? गोळी देतो, घरी जाऊन पडा."

धाकटीने मनात हिशेब केला. घरी गेले तर मरेन. नाही म्हटलं तर पुन्हा नाटकी ठरेन. आणि काय ही जन्माची खोड, ती निमूटपणे पलंगावरून उतरायला लागली.

"बस खाली!" थोरली कडाडली. मग डॉक्टरकडे वळली. "ही रोज माझ्यासमोर बसते. इतक्या वर्षांत हिच्या तोंडून मी 'दुखतंय' ऐकलेलं नाही. आज ऐकलं. आधी हिचं हृदय तपासा, मग मला खुशाल वेडी म्हणा."

कुरकुरतच ईसीजी काढला गेला. कागदाकडे बघता बघता डॉक्टरचा आवाज बदलला, आणि माणसं धावायला लागली. हृदयविकाराचा झटकाच होता.

संध्याकाळपर्यंत त्यांनी नळी घालून बंद पडलेली रक्तवाहिनी मोकळी केली. जीव वाचला, पण धाकटीची भीती काही जाईना. या वेळी ओळखलं. पुढच्या वेळी दुखण्यांच्या इतक्या गर्दीत ही कळ ओळखू कशी?

नर्स उशाशी आली. "आत्ता कुठे कुठे दुखतंय? सगळं सांगायचं, लपवायचं नाही."

धाकटीने थोरलीकडे पाहिलं. थोरलीने मानेनेच सांग म्हटलं. मग धाकटी मानेपासून सुरू झाली. खांदे, कोपरं, बोटांची पेरं, कंबर, गुडघे, टाचा, कपड्याची शिवण लागते तिथली कातडी. नर्स लिहीत राहिली. थोरलीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"हे सगळं आजचं?" तिने घाबरून विचारलं.

"नाही हो ताई, रोजचंच. जबड्यातलं तेवढं आजचं होतं."