घाणेरडा म्हणा, पण धुऊ नका

मी निळा ड्रम बोलतोय. बोलतोय म्हणजे काय, माझं तोंड बंदच होत नाही. रात्रंदिवस पोटातून पाणी वाहतंय, शेजारी पंपाची घरघर चालू. स्वस्थ बसणं माझ्या नशिबातच नाही.

पूर्वी मी एका बेकरीत होतो, साखरेचा पाक पोटात घेऊन. रिकामा झाल्यावर भंगारात गेलो. तिथून मला उचललं एका आजोबांनी, ज्यांचा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला होता. त्यांच्या बागेतल्या तळ्यात अकरा मासे होते आणि पाणी कायम हिरवंगार. बाजारचा फिल्टर आणायचा सोडून आजोबा स्वतःच करायला बसले. पहिलं भोक चुकीच्या जागी पडलं. ते सायकलच्या ट्यूबचा तुकडा कोंबून बुजवलं आणि शेजाऱ्यांना सांगितलं, मुद्दामच ठेवलंय म्हणून! तळाशी खडी, त्यावर भांडी घासायच्या प्लास्टिकच्या घासण्या, सगळ्यात वर जाड स्पंज. पंप तळ्यातलं पाणी खालून माझ्यात ढकलतो आणि ते गाळलं जाऊन वरच्या नळीतून पुन्हा तळ्यात पडतं.

पण नुसत्या खडी-स्पंजाने काही होत नाही. पाच आठवडे गेले, तेव्हा कुठे स्पंजावर बुळबुळीत तपकिरी थर धरला. तो थर जिवंत असतो. माशांच्या घाणीतलं विष तोच खातो. दिसायला ओंगळ, पण अकरा जीव त्याच्या भरवशावर.

घरात आजोबांची सून. हॉस्पिटलात नर्स, स्वच्छतेची भारी हौस. आजोबा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी चार दिवस गेले, तेव्हा तिने मनावर घेतलं की बाबा येतील तेव्हा सगळं लख्ख दिसलं पाहिजे. माझं झाकण उघडलं आणि नाकच मुरडलं. मी जीव तोडून खळखळलो, पण ऐकतंय कोण! तिने खडी आणि घासण्या साबणाने घासल्या. स्पंज तर मोठ्या पातेल्यात चांगला वीस मिनिटं उकळला, ऑपरेशनची हत्यारं उकळावीत तसा.

तिसऱ्या दिवशी मासे वर तोंड काढून धापा टाकू लागले. दोन उलटे तरंगले. पाणी मात्र नितळ, त्यामुळे तिला काही उमगेना. मला सगळं कळत होतं आणि करता काहीच येत नव्हतं.

आजोबा डोळ्यावर पट्टी घेऊन आले आणि सरळ माझ्यात हात घातला.

"हा स्पंज एवढा स्वच्छ कुणी केला?"

"मी, बाबा. उकळून घेतला."

ते तळ्याच्या काठावर खाली बसले. "अगं, ते जिवंत होतं."

सून रडली. मग बाह्या सरसावल्या. नळाच्या ताज्या पाण्यातलं क्लोरीन माशांना आणि थराला दोघांनाही मारतं, म्हणून ड्यूटीवरून आली की आदल्या दिवशी भरून ठेवलेलं पाणी बादल्यांनी आणायची आणि तळ्यातलं थोडं थोडं बदलायची. माशांचं खाणं आजोबांनी जवळजवळ बंद केलं. तरी आणखी एक गेला. उरले आठ. पुन्हा पाच आठवडे मी कासावीस, आणि मग थर धरला.

आज आजोबा दुसऱ्या डोळ्यासाठी हॉस्पिटलात आहेत आणि नेमकं आजच माझं पोट तुंबलंय. नळीतून पाणी थेंब थेंब पडतंय. स्पंज पिळायलाच हवा, नाहीतर आठही जातील. सून बादली घेऊन आली. उजवीकडे नळ, डावीकडे तळं. ती दोन पावलं नळाकडे गेली. सवय फार वाईट हो!

मग थबकली, वळली आणि बादली तळ्यात बुडवली. त्याच पाण्यात स्पंज दोनदा हलकेच पिळला आणि बुळबुळीतच परत ठेवला.

माझं पाणी धो धो सुटलं. मासे नळीखाली येऊन घुटमळू लागले. ती वाकून मोजायला लागली, मध्येच अडखळली, पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली.

मोजा, सूनबाई, हव्या तितक्या वेळा मोजा. आठही आहेत.