जोडीचं टेबल

आमच्या बुटांच्या कारखान्यात 'ऑड' हा एकच शब्द सगळीकडे चालतो. जोड न सापडलेला बूट ऑड. जेवणाच्या सुट्टीत कामाला बोलावलं तर ऑड टाइम. संडास धुणं, खोकी उचलणं, जे कुणाच्याच वाट्याचं नाही ते ऑड जॉब. आणि साहेबांच्या डोळ्यांत खुपणारं माणूस, तेही ऑड. काय फुकटचा शब्द आहे! कुठेही चिकटवावा आणि मोकळं व्हावं.

मी आणि माझी थोरली जाऊ जोडीच्या टेबलावर बसायचो. ती डावे बूट तपासायची, मी उजवे, मग जुळवून खोक्यात. हात चालू असताना ती बुटांशी बोलायची. "थांब गं बाई, तुझं स्थळ मागून येतंय." एखाद्या उजव्याची शिवण वाकडी असली, की "नवरा मुलगा तिरळा निघाला, परत पाठव." अख्खी रांग हसायची, पण हात कुणाचे थांबायचे नाहीत.

बाहेरचे ग्राहक पाहणीला येणार होते, म्हणून नवे साहेब फेरी मारत आले. तिच्यामागे उभे राहून म्हणाले, "या बाई एकट्याच बोलतात. पाहुण्यांसमोर ऑड वाटेल."

झालं. दुसऱ्या दिवशी तिला मागच्या खोलीत बसवलं. तिथे एकटे बूट सुरीने चिरतात, कुणी चोरून विकू नयेत म्हणून. त्या खोलीत बसवलेल्या माणसाला थोड्याच दिवसांत नारळ मिळतो, हे कारखान्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुम्हाला दुसरी जोडीदार देतो," साहेब म्हणाले.

"नको. डावा गेला की उजवाही मागच्या खोलीत जातो. नियम तुमचाच आहे."

मी उठले आणि तिच्याशेजारी जाऊन बसले.

"डोकं फिरलंय का तुझं?" ती माझ्यावरच खेकसली. "दोघी घरी बसलो तर चूल काय तुझ्या रागावर पेटणार आहे?"

मी ढिम्म हलले नाही.

टेबल बंद पडलं तसा पुढे माल तुंबला. दुपारी साहेब स्वतः आले. "दोघी या परत. पण बाई, तोंड बंद."

मला वाटलं, जिंकलो. पाहुणे आले, आमच्या टेबलाशी थांबले, काम किती शांतपणे चालतं म्हणून त्यांनी कौतुक केलं. साहेबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ती मान खाली घालून बूट उलटसुलट करत होती. रांगेत कुणीच हसलं नाही.

पाहुणे कधीच गेले, ती मात्र अजून गप्पच आहे. काल भाजी चिरताना मी म्हटलं, "ताई, इथे कोण साहेब बसलाय? बोला की काहीतरी."

"नको गं. सवय मोडू दे."

मग माझाच तोल गेला. त्या माणसाला मी तोंडाला येतील त्या शिव्या घातल्या, शेजारपाजारी ऐकू जातील इतक्या मोठ्याने. तिने उठून खिडकी लावून घेतली.